नव्वद गुणांनी हरण्याचा हक्क

महिलांच्या आशिया चषक बास्केटबॉल स्पर्धेत २०२१ साली अम्मानमध्ये जपानने भारताला १३६-४६ असं हरवलं. नाशकात मुलींच्या बास्केटबॉलवर पैसा खर्च करावा का, दक्षिण आशियाई पातळीची एखादी महिला स्पर्धा आपल्या शहराने मागून घ्यावी का, असा विषय निघाला की हा आकडा कोणीतरी हमखास पुढे करतं. नव्वद गुणांनी हरणाऱ्यांसाठी लाकडी कोर्ट कशाला? त्यावर दुसऱ्या बाजूने येणारं उत्तरही तितकंच पोकळ असतं. मुलींना प्रोत्साहन दिलं पाहिजे, मुली कशातच कमी नाहीत, वगैरे. एक बाजू गुणफलकावर बोट ठेवते, दुसरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. हरणारा संघ सुधारतो कशाने? आणि त्या सुधारण्यात नाशिकसारख्या शहराचा वाटा काय?

माझं मत आधीच सांगते. भारतीय मुलींनी आशियातल्या सगळ्यात वरच्या गटात खेळण्यासाठीच झटलं पाहिजे, तिथे मोठ्या फरकाने हरावं लागलं तरी. अशा स्पर्धा आपल्या देशात व्हायला हव्यात आणि त्या बंगळुरू-चेन्नईपुरत्या न राहता नाशिकसारख्या शहरांपर्यंत यायला हव्यात. मात्र पाहुणे परत गेल्यावर इथल्या मुलींच्या हाती काय उरणार, हे आधी कागदावर ठरलेलं असेल तरच यजमानपद घ्यावं. या शेवटच्या वाक्यावर पुढे सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या बाजूचे लोक नेमके तिथेच गप्प बसतात.

आधी त्या आकड्याचं बघू. ही स्पर्धा १९६५ साली सोलमध्ये सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद दक्षिण कोरियाने घेतलं. पुढची कित्येक दशकं, १९७० चा एक अपवाद सोडला तर, कोरिया आणि चीन यांनीच ते आपसांत वाटून घेतलं. २०१७ पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही त्यात उतरले, म्हणजे आशियाचा वरचा गट आता जगातल्या सर्वांत कठीण गटांपैकी एक झाला आहे. त्याच २०१७ साली बंगळुरूला भारतीय मुलींनी खालच्या, म्हणजे ब गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं आणि अ गटात जागा मिळवली. २०१९ मध्ये, पुन्हा बंगळुरूलाच, त्या अ गटात त्या आठव्या म्हणजे शेवटच्या आल्या. २०२१ मध्ये अम्मानलाही आठव्याच आणि तिथून परत खालच्या गटात गेल्या. इथवर गुणफलकवाल्यांचं म्हणणं खरं आहे. पण ज्या स्पर्धेतला १३६-४६ सगळ्यांना तोंडपाठ आहे, त्याच स्पर्धेत काही दिवसांनी फिलिपिन्सविरुद्ध, अ गटात कोण टिकणार हे ठरवणाऱ्या सामन्यात, याच मुली ७४-७० असं हरल्या. चार गुणांनी. प्रतिस्पर्धी वेगळा होता हे मान्य आहे, फिलिपिन्स म्हणजे जपान नव्हे. तरीही नव्वद गुणांचा मार खाल्लेला संघ त्याच आठवड्यात शेवटच्या मिनिटांपर्यंत झुंजत उभा राहतो, हे सोडून द्यायचं आणि पहिलाच आकडा मिरवायचा, याला विश्लेषण कसं म्हणायचं?

आणखी एक आकडा आहे, तो मात्र कोणी सांगत नाही. २०१९ च्या डिसेंबरात काठमांडूच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय मुलींनी अंतिम फेरीत नेपाळला १२७-४६ असं हरवून सुवर्णपदक घेतलं. म्हणजे ऐंशीपेक्षा जास्त गुणांचा फरक, तोही यजमान संघावर, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर. नेपाळच्या मुलींनी आता घरी बसावं, त्यांच्या सरकारने या खेळावर पैसा घालणं बंद करावं, असं त्या दिवशी आपल्यापैकी कोणाच्या मनात तरी आलं का? नाही आलं. उलट त्या अंतिम फेरीपर्यंत आल्या याचं कौतुकच वाटलं. जो न्याय आपण नेपाळला सहज लावतो, तो आपल्याच मुलींना लावताना जड का जातो?

बास्केटबॉलमध्ये मोठे फरक का पडतात हेही समजून घ्यायला हवं. फुटबॉलमध्ये कमकुवत संघ सगळे खेळाडू मागे ठेवून सामना एक-शून्यवर आणू शकतो. इथे ती सोय नाही. चोवीस सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकावाच लागतो, आठ सेकंदांत मध्यरेषा ओलांडावीच लागते. समोरचा संघ पूर्ण कोर्टभर दाबायला लागला, की आपल्या बचावरेषेपासूनच चेंडू बाहेर काढताना हात थरथरतो, पास चुकतो आणि चुकलेल्या प्रत्येक पासवर समोरच्यांचा सोपा ले-अप होतो, म्हणजे अगदी बास्केटजवळून टाकलेला दोन गुणांचा चेंडू. असे दहा पास चुकले की वीस गुण गेले. हा दाब कसा असतो ते सरावात कळत नाही. कारण सरावात दाबणाऱ्या मुली आपल्याच असतात, त्यांचे हात किती लांब पोचतात आणि त्या कुठे थकतात हे आपल्याला ठाऊक असतं. जपानच्या दाबातून चेंडू बाहेर कसा काढायचा हे जपानसमोर उभं राहूनच कळतं, आणि पहिल्या वेळी ते नव्वद गुणांना पडतं. दुबळ्या संघांना हरवत खालच्या गटात सुखाने राहिलो तर ही किंमत वाचते, आणि शिकायचं ते शिकायचं राहून जातं.

याच्या पुढचा आक्षेप उंचीचा असतो. आपल्या मुली बुटक्या, हा खेळ उंचांचा, त्यांनी कबड्डी-खो-खो खेळावं. कबड्डी-खो-खोबद्दल मला नितांत आदर आहे, पण ही शिफारस त्या खेळांवरच्या प्रेमापोटी होत नाही. उंचीच्या आक्षेपाला जपाननेच उत्तर देऊन ठेवलं आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ च्या उन्हाळ्यात, जपानच्या मुलींनी रौप्यपदक मिळवलं. त्यांची रुई माचिदा ही १६२ सेंटिमीटरची, आपल्या मापात सव्वापाच फुटांच्या जरा वर. कॉलेज रोडवर अशा उंचीच्या मुली पावलोपावली दिसतील. तिने उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध १८ असिस्ट, म्हणजे ज्यावर सहकारी खेळाडू लगेच बास्केट करते असे पास दिले, तो ऑलिम्पिकमधला विक्रम ठरला. उंची कमी आहे हे त्यांनी आधीच धरून चालवलं आणि बाकीचा खेळ त्यावर बेतला: सतत धावायचं, लांबून तीन गुणांचे फेक साधायचे, उंच संघांना दमवायचं. आणि हे एका रात्रीत झालं नाही. जपानने आशियाचं विजेतेपद १९७० साली पहिल्यांदा घेतलं, त्यानंतरचं थेट २०१३ साली. मधली ४३ वर्षं ते चीन-कोरियापुढे वाकत राहिले, पण वरच्या पंगतीतून उठले नाहीत. तोवर त्यांच्या कंपन्यांचे महिला संघ आणि त्या संघांची लीग चालू राहिली. २०१३ ते २०२१ ही सलग पाच विजेतेपदं त्या चिकाटीतून आली. आपण फक्त शेवटची आठ वर्षं पाहतो आणि म्हणतो, जपानची गोष्टच वेगळी.

जपान लांबचा वाटत असेल तर घरचं उदाहरण घेऊ. महिलांचा क्रिकेट विश्वचषक भारताने पहिल्यांदा भरवला १९७८ साली. संघ चारच होते आणि भारत तिन्ही सामने हरला. आज ते कोणाला आठवतही नाही. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा नाशकातही फटाके वाजले आणि लहान मुली बॅट घेऊन गल्लीत उतरल्या. या दोन तारखांच्या मधल्या सत्तेचाळीस वर्षांत काय झालं? २००५ आणि २०१७ चे अंतिम सामने हरून झाले. २००६ मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं. २०२२ मध्ये सामन्याचं मानधन पुरुषांइतकं करण्याचा निर्णय झाला, २०२३ मध्ये लीग सुरू झाली. हे सगळं विश्वचषक जिंकण्याच्या आधी घडलं, नंतर नव्हे. ‘आधी जिंकून दाखवा, मग खर्च करू’ हा नियम १९७८ साली लावला असता, तर २०२५ ची ती रात्र आली असती का?

आता समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. माझ्या बाजूचे लोक तो टाळतात, पण तो टाळण्यासारखा नाही. भारताने ही स्पर्धा २००९ ला चेन्नईत, २०१७ ला आणि २०१९ ला बंगळुरूत भरवली. एका दशकात तीनदा यजमानपद! तरी २०२१ मध्ये आपण खालच्या गटात गेलोच. मग यजमानपदाने संघ सुधारतो हा दावा कुठे टिकला? प्रामाणिक उत्तर असं, की तो दावा जसा केला जातो तसा टिकत नाही. सात दिवसांची स्पर्धा कोणालाच घडवत नाही. परदेशी संघ विमानाने येतात, हॉटेलात उतरतात, कोर्टवर खेळतात आणि जातात. स्टेडियमच्या पायऱ्यांवर शाळांच्या बसमधून आणलेली मुलं बसवली जातात, त्यांना झेंडे दिले जातात, सामना संपला की झेंडे गोळा होतात. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलींचा सराव आदल्या महिन्यात जिथे चालला होता तिथेच चालतो. त्यात यजमानपदाचा दोष नाही. पण यजमानपदालाच धोरण समजण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि तिच्यावरची टीका रास्तच आहे.

मग निष्कर्ष काय काढायचा? टीकाकार म्हणतात, स्पर्धाच नको. मला वाटतं, स्पर्धेच्या मागेपुढे जे नव्हतं ते हवं. भारतात मुलींसाठी वर्षानुवर्षं टिकून राहिलेली व्यावसायिक बास्केटबॉल लीग नाही. चांगली खेळाडू रेल्वेत नोकरीला लागते, आणि राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या मुलींचं वर्चस्व असतं ते त्यामुळेच. रेल्वेने ही जबाबदारी घेतली नसती तर भारतीय महिला बास्केटबॉल केव्हाच आटलं असतं, हे कृतज्ञतेनेच म्हणावं लागेल. पण एका खात्याच्या भरतीवर अख्ख्या देशाचा खेळ तोलून धरता येत नाही. केरळची गीतू ॲना जोस ऑस्ट्रेलियातल्या क्लबकडून खेळली, २०११ मध्ये डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या संघांपुढे चाचण्या देऊन आली. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताचं नेतृत्व केलं. या मुली व्यवस्थेमुळे घडल्या असं म्हणण्यापेक्षा व्यवस्था अपुरी असतानाही घडल्या, असंच म्हणायला हवं.

भिलाईचं उदाहरण मला नाशिकसाठी फार मोलाचं वाटतं. पोलाद कारखान्याची वसाहत, ना महानगर, ना राजधानी. तिथे राजेश पटेल नावाच्या प्रशिक्षकांनी मुलींना वसतिगृहात ठेवून वर्षानुवर्षं घडवलं. त्यांतल्या कितीतरी आदिवासी आणि गरीब घरांतल्या होत्या. छत्तीसगडच्या मुलींनी राष्ट्रीय स्पर्धांत पदकांमागून पदकं घेतली, भारतीय संघात जागा मिळवल्या. कारखान्याने छप्पर आणि जेवण दिलं, प्रशिक्षकाने आयुष्य दिलं. नाशिककडे काय कमी आहे? सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत आहे, ओझरला विमानांचा कारखाना आहे, नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे, आणि पेठ-सुरगाण्यापासून इगतपुरीपर्यंत डोंगरावर चढून-उतरून पाय घट्ट झालेल्या मुली आहेत.

इथे नाशिककर लगेच म्हणतात, आपल्याकडे कविता राऊत झाली की! सावरपाड्याची मुलगी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक घेऊन आली, त्या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक घेणारी ती पहिली भारतीय महिला. तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिम्पिकमध्ये वल्हवून आला. त्यांना कुठे होती लाकडी कोर्टं? जिद्द असेल तर होतंच. हा युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो आपल्याच माणसांच्या अभिमानाचा आडोसा घेतो. कविताच्या पायांना घाट पुरला, पुढे चांगले प्रशिक्षक मिळाले, आणि उरलेलं तिने स्वतःच्या छातीच्या भात्यावर केलं. बास्केटबॉल एकटीला खेळताच येत नाही. पाच आपल्या लागतात, पाच समोरच्या, बाकावर सात, शिट्टी वाजवणारे पंच, आणि तोडीस तोड असा दुसरा संघ, तोही दर आठवड्याला. एकट्या मुलीच्या जिद्दीवर धावपटू उभी राहू शकते, संघ उभा राहत नाही. म्हणून सांघिक खेळातल्या अपयशाबद्दल खेळाडूंना जाब विचारण्याआधी तो संस्थांना विचारावा लागतो. कविता राऊतचं नाव घेऊन आपण संस्थांची सुटका करून घेतो.

आपल्या शहरातली परिस्थिती जवळून बघावी म्हणून एक कोर्ट सांगते, नाव देत नाही. सिमेंटचं आहे. उन्हाळ्यात चार वाजता त्यावर हात टेकवत नाही, आणि पाय घसरला तर गुडघ्याची साल निघते. बोर्डाचा प्लायवुड खालच्या कोपऱ्यातून फुगलेला, त्यामुळे बोर्डाला लागलेला चेंडू एका बाजूला मरतो. रिंगला जाळी नाही. तीन गुणांची रेषा पूर्वी पिवळी होती, आता फक्त ओळखीच्यांना दिसते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की शेवाळ धरतं आणि सराव पार गणपती उलटून जाईपर्यंत बंद, म्हणजे शालेय स्पर्धांच्या ऐन तोंडावर. महिलांचा अधिकृत चेंडू सहा नंबरचा असतो, मुलांचा सात नंबरचा, थोडा मोठा आणि जड. शाळेने चेंडू आणले ते सात नंबरचे, कारण मुलांना तेच लागतात. मुली त्याच चेंडूवर वर्षभर हात बसवतात आणि स्पर्धेला गेल्यावर सहा नंबरचा चेंडू त्यांच्या हातातून उडतो. पहिला क्वार्टर संपेपर्यंत त्यांना अंदाज येत नाही आणि तोवर वीस गुणांनी मागे पडलेल्या असतात. बाहेर बसलेले पालक म्हणतात, आपल्या मुलींमध्ये दमच नाही.

दम नाही असं धरून चालल्याने दम कसा जातो, याचा इतिहास या खेळातच आहे. नेस्मिथने १८९१ मध्ये अमेरिकेत बास्केटबॉल शोधला, आणि लगेचच सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींच्या कॉलेजात नेला. तिचं काम धाडसाचंच होतं. पण बायकांना इतकं धावणं सोसणार नाही, या तेव्हाच्या समजुतीला मान देऊन तिने कोर्टाचे तीन भाग केले आणि मुलींनी आपला भाग सोडायचा नाही असा नियम केला. पुढे नियम बदलत गेले, तरी आयोवा राज्यातल्या शाळांत सहा मुलींचा, अर्ध्याच कोर्टात धावायचा खेळ थेट १९९३ पर्यंत चालू होता. अर्ध्या कोर्टात बंद केलेल्या मुली अर्ध्याच कोर्टापुरत्या तयार होणार, यात नवल ते काय? ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ साली आला आणि महिलांचा १९७६ साली. त्या चाळीस वर्षांत महिला धावू शकत नव्हत्या असं आज कोणी म्हणेल का?

आधी संधी नाकारायची आणि मग पात्रता नाही म्हणायचं, हाच उलटा न्याय नाशिकच्या एका लेकीच्याही वाट्याला आला होता. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ साली नाशकात जन्मली. मुंबई विद्यापीठाची पदवी तिने अशा गुणांनी घेतली की इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिचीच होती, पण ती मिळाली नाही, कारण ती मुलगी होती. इतरांच्या मदतीने ती ऑक्सफर्डला गेली आणि १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा देणारी तिथली पहिली महिला ठरली. तरी पदवी हाती पडायला जवळजवळ तीन दशकं गेली. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा भारतातला कायदा १९२३ चा. ‘बायका वकिली करताना दिसतच नाहीत, मग त्यांना सनद कशाला’ हा प्रश्न तेव्हा अगदी व्यवहारी वाटत असणार. ‘मुलींचे सामने बघायला येतं कोण’ हा प्रश्न आज तसाच व्यवहारी वाटतो.

खर्चाचा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. पेठ-सुरगाण्यात उन्हाळ्यात बायकांना हंडे घेऊन पाण्यासाठी वणवण करावी लागते. ज्या जिल्ह्यात हे घडतं तिथे आंतरराष्ट्रीय स्पर्धेवर पैसा घालणं योग्य का, असं विचारणाऱ्याला मी निर्दय म्हणणार नाही, तो माझ्याच मनातला प्रश्न विचारतो आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. क्रीडेसाठी ठेवलेला पैसा वाचला म्हणून तो सुरगाण्याच्या नळाला जात नाही. तो क्रीडेतच दुसरीकडे जातो, बहुतेक वेळा मुलग्यांच्या मैदानाकडे, किंवा पडून राहतो. आणि सिंहस्थाच्या तयारीत या शहरात रस्ते, पूल, घाट यांच्यावर जो पैसा येतो आहे, त्यासमोर एका बंदिस्त हॉलचं लाकडी कोर्ट, त्याचे बोर्ड आणि दिवे म्हणजे किरकोळ बाब आहे. पाण्याचा प्रश्न कोणत्या खर्चाच्या वेळी विचारला जातो, हेही बघायला हवं. स्वागतकमानी उभारताना तो विचारला जात नाही. मुलींचं मैदान म्हटलं की त्याची आठवण होते.

पालकांची भीतीही खरी आहे. संध्याकाळी सातला सराव संपवून मुलगी पंचवटीतून सिडकोला एकटी कशी येणार? चड्डी घालून कोर्टवर उतरायचं तर घरातले काय म्हणतील? दहावीत क्रीडा सवलतीचे गुण मिळाले की बस, पुढे बारावी, सीईटी. अकरावीत गेलेल्या मुली कोर्टवरून अशा नाहीशा होतात की प्रशिक्षकांना दरवर्षी संघ शून्यातून बांधावा लागतो. पण यातलं काहीच अटळ नाही. कपड्यांचंच घ्या. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत हिजाब काढायला सांगितल्यामुळे कतारच्या मुलींनी खेळायचंच नाकारलं. त्या घरी बसल्या असत्या तर कोणाला पत्ताही लागला नसता. त्या स्पर्धेच्या दारापर्यंत आल्या, म्हणून जगासमोर प्रश्न उभा राहिला, आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलला. मालेगावच्या किंवा जुन्या नाशकातल्या एखाद्या मुलीला आज डोकं झाकून अधिकृत सामना खेळता येतो तो यामुळे. नियम मुलींच्या गैरहजेरीत बदलत नाहीत. आणि सराव संपण्याची वेळ, परतीची बस, हॉलबाहेरचा दिवा हे प्रश्न तर महानगरपालिकेच्या एका ठरावाने सुटणारे आहेत.

मग नाशिकने मागायचं काय? आशिया चषकाचा अ गट नाही, ते आपल्या आवाक्याबाहेरचं आहे आणि उगाच हट्ट धरण्यात अर्थ नाही. दक्षिण आशियातल्या संघांची, सोळा किंवा अठरा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा मात्र झेपण्यासारखी आहे. संघ थोडे, मुली शाळकरी, आणि बघायला येणाऱ्या मुलींना कोर्टवरच्या मुली आपल्याच वयाच्या दिसतील. श्रीलंकेची किंवा मालदीवची पंधरा वर्षांची मुलगी डावा हात कसा वापरते हे हिरावाडीच्या क्रीडा संकुलात बसून पाहिलेली सातवीतली मुलगी दुसऱ्या दिवशी तेच करून बघेल. दूरदर्शनवर पाहिलेल्या उंच ऑस्ट्रेलियन खेळाडूबद्दल तिला तसं वाटत नाही.

आणि यजमानपदाच्या करारात चार गोष्टी स्पर्धेच्या आधीच लिहिलेल्या असाव्यात. स्पर्धेसाठी आणलेलं लाकडी कोर्ट शहरातच बसवलेलं राहील आणि प्रदर्शनांना, लग्नांना भाड्याने दिलं जाणार नाही. रोज संध्याकाळचे दोन तास ते फक्त मुलींचं असेल, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत शाळांच्या मुलींना ते विनाशुल्क मिळेल. स्पर्धेआधी स्थानिक महिलांना पंचांचं आणि गुणलेखकांचं प्रशिक्षण देऊन त्याच स्पर्धेत टेबलावर बसवलं जाईल, म्हणजे पुढची दहा वर्षं शालेय सामन्यांना शिट्टी वाजवणारी बाई शोधत फिरावं लागणार नाही. शेवटची गोष्ट, इथल्या कारखान्यांपैकी निदान दोघांनी तीन वर्षांसाठी मुलींचा एकेक संघ चालवायला घ्यावा, अकरावीच्या पुढच्या मुलींचा, प्रवासभत्ता आणि सहा नंबरच्या चेंडूंसह. राज्य सरकारी नोकऱ्यांतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाची वाट बघत बसलेल्या मुलींना मधली वर्षं खेळायला जागा हवी असते, ती हीच.

पहिल्या वर्षी हे संघ मुंबई-पुण्याच्या मुलींकडून सपाटून हरतील, हे मी आत्ताच सांगते. दुसऱ्याही वर्षी हरतील. त्यांचे आकडे पेपरात आले की १३६-४६ वाले पुन्हा बोलतील, आणि त्यांना वरचीच उत्तरं द्यावी लागतील. पण करारात या चार गोष्टी नसतील, नुसतं सात दिवसांचं झगमगतं संमेलन नाशकात येणार असेल, तर त्या यजमानपदाला माझाही विरोध असेल.